खट्ट!

माणसाला कशाची लाज वाटेल याचा नेम नसतो. मला आमच्या मोटारसायकलच्या गिअरची वाटत असे.

सकाळी दुधाचे दोन कॅन दोन्ही अंगांना अडकवून अण्णा गाडी चालू करत, क्लच दाबत आणि पहिला गिअर टाकत. त्याबरोबर 'खट्ट!' असा आवाज होई की, गोठ्यातली म्हैस मान वर करून बघे. दुधाची फेरी आटोपली की तीच गाडी घेऊन मी चौदा किलोमीटरवरच्या कॉलेजात येई. फाटकापाशी थांबून पुन्हा पहिला गिअर टाकायची वेळ आली की कट्ट्यावरची सारी मंडळी एकसुरात 'खट्ट' म्हणून साथ देत. मराठीच्या सरांनी एकदा नादानुकारी शब्दांचे उदाहरण विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून कोणते उत्तर आले असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

"अण्णा, गाडी एकदा दाखवून आणू या," मी म्हणे.

"जुनी गाडी हाय, वाजणारच. माणसाचं सांधं न्हाईत वाजत?" एवढे बोलून ते विषय संपवत.

शेवटी मी परस्पर गाडी तालुक्याच्या गावी एका मिस्त्रीकडे नेली. त्याने एकदा गिअर टाकायला सांगितला, आवाज ऐकला आणि निकाल दिला, "बॉक्स खोलावा लागंल. सहा-सात हजार धरून चला." सहा-सात हजार! माझी वर्षाची फी आणि धाकट्या बहिणीची पुस्तके त्यात बसली असती. मी गाडी तशीच वाजवत घरी आणली.

दिवाळीत मावसभाऊ आला. तो आय.टी.आय.ला. त्याने आपले एक तेलकट पुस्तक माझ्या हातात ठेवले आणि वर एक वाक्य दिले : "आवाज कुठं होतो ते नंतर बघ, आधी कधी होतो ते बघ." आम्ही कला शाखेचे, कवितेतला ध्वनी शोधण्याची सवय. हा ध्वनी शोधायला मी पहिल्यांदाच बसलो.

आपली समजूत अशी की गिअर बदलताना चाकांचे दाते एकमेकांत शिरतात. तसे नसते. मोटारसायकलच्या बॉक्समधल्या गिअरच्या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्यांतली एकच जोडी त्या त्या वेळी कामाला बांधलेली असते; बाकीच्या नुसत्या फिरतात. ही बांधणी करतात ते चाकाच्या अंगावरचे जाड खुंट. पायाने लिव्हर दाबली की एक चाक सरकते आणि त्याचे खुंट शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. या खुंटांना इंग्रजीत 'डॉग' म्हणतात. तेव्हा आमच्या गाडीत कुत्रे भुंकत होते, असे म्हणायला हरकत नाही. मोटारीत खुंट शिरण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवून घेणारी एक योजना असते. १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक मोटारीत ती पहिल्यांदा आली. मोटारसायकलला सहसा ती नसते. म्हणून पहिला गिअर टाकताना हलकासा 'टक्' हा निरोगी गाडीचाही आवाज आहे. प्रश्न 'टक्'चा 'खट्ट' का होतो, एवढाच.

मी वहीत टिपणे करू लागलो. इंजिन बंद ठेवून, गाडी जराशी मागेपुढे ढकलत गिअर टाकले : आवाज नाही. म्हणजे खुंट आणि खाचा शाबूत असाव्यात. चालत्या गाडीत तिसऱ्यावरून चौथा : किरकोळ. चेन ढिली असली की तीही झटक्यासरशी वाजते आणि आळ गिअरवर येतो. पण आमची चेन कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाबरहुकूम निघाली. आमच्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये नांदतात. ते खराब झाले की क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. पण ऑइल बदलून महिनाही झाला नव्हता. रेस जास्त ठेवलेली असली तरी आवाज वाढतो. तीही ठीक होती. शेवटची नोंद अशी : गाडी उभी, इंजिन चालू, पहिला गिअर : खट्ट! क्लच पुरता दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू पाहते. चौकात थांबले की न्यूट्रल सापडत नाही.

उत्तर याच नोंदीत होते. क्लचचे काम इंजिनाचा हात सोडवण्याचे. आमचा क्लच तो पुरता सोडवत नव्हता. त्यामुळे बॉक्सची एक बाजू इंजिनाबरोबर फिरत राही, मागच्या चाकाकडची बाजू थांबलेली असे, आणि दोघांची गाठ पडली की खुंट आदळे. आवाज गिअरचा, दोष क्लचचा!

क्लचच्या दांडीच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी, असे पुस्तकात होते. मी पट्टी लावली. आमची ४० भरली. लॉक नट सोडला, वायर ताणून घेतली आणि पहिला गिअर टाकला. टक्! सहा-सात हजारांचे दुखणे एका पान्याने पळाले होते. त्या रात्री मला अभिमानाने झोप लागली नाही.

सकाळी अंगणात आलो तो अण्णा गाडीपाशी उभे होते. हातात पाना. खाली न बघता, सवयीच्या हाताने ते तीच वायर पुन्हा ढिली करत होते.

"अण्णा, हे काय करताय?"

ते दचकले. मग हळूच म्हणाले, "आरं, दाबवत न्हाई."

डावा हात त्यांनी दोनदा झटकला. मग एकेक कळत गेले. दीड वर्ष झाले, बोटांना मुंग्या येत होत्या. रात्री हात बधिर होऊन जाग येई. दोन्ही वेळा तीन म्हशींच्या धारा, त्यावर दारोदार थांबत जाणारी दुधाची फेरी, आणि दर थांब्याला क्लच. वायर ढिली ठेवली की दांडी निम्मीअधिक रिकामीच येते, जोर शेवटी थोडाच लागतो. गाडी वाजली तर वाजू दे, हात तेवढा वाचतो. घरात कुणाला त्यांनी हे सांगितले नव्हते. माझ्या वहीत 'कधी' पुढे पानेच्या पाने भरली होती; 'केव्हापासून' हे विचारायचे मात्र राहून गेले होते.

जुनी वायर काढली, तर आतून कोरडी. दोन-चार तारा तुटून आवरणात घासत होत्या. दांडी जड झाली होती ती बरीचशी यामुळे. नवी वायर आणली, आत ऑइल सोडून बसवली, दांडीच्या बोल्टला ग्रीस लावले. अण्णांनी दाबून पाहिले आणि म्हणाले, "हलकी झाली की!" डॉक्टरांनी मनगटातली शीर दबल्याचे सांगितले, रात्री बांधायला पट्टी दिली आणि धारा कमी करायला सांगितल्या. संध्याकाळच्या धारा आता माझ्याकडे आहेत. म्हैस अजून मला रुळलेली नाही.

कट्ट्यावरची मंडळी थोडी हिरमुसली आहेत. सकाळी गाडी चालू झाल्याचे ऐकू आले की मी अंथरुणातूनच कान देतो. 'टक्' झाले तर पुन्हा डोळा लागतो. एखाद्या दिवशी 'खट्ट' झाले, की उठतो आणि त्या दिवशीचे कॅन मी घेऊन जातो.