चौथा डबा मागवू नका

ती. अण्णामामा यांस,


तुमचा निरोप वाचला. ‘प्लॅन २०० चा, माडीवर येतात १२. वायफायचा चौथा डबा मागवू का?’ मागवू नका. दुकानदार हो म्हणणारच, त्याचा तो धंदा आहे. बागेत शेवटच्या पोफळीला पाणी पोचलं नाही की तुम्ही नवा पाट खणता का? मधे कुठे फुटलाय ते आधी बघता. इथेही तेच करायचं.

शरदच्या लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि वायरने तो थेट कंपनीच्या मोडेमला जोडा. तिथे १८०-१९० आले तर कंपनीला शिव्या देऊ नका. तिथेच ६० असले तर मात्र तक्रार नोंदवा आणि डब्यांना हातही लावू नका. मग वायर काढून, वायफाय चालू करून पहिल्या डब्याशेजारी मोजा, मग माडीवरच्या. आकडा जिथे आपटतो तिथे दुखणं. हेच रात्री नऊच्या सुमारास परत करा, कारण तेव्हा सगळी वाडी मोबाइल घेऊन बसलेली असते. आणि सिनेमा उतरवताना पडद्यावर २५ दिसले तर ती फसवणूक नव्हे. प्लॅनचा आकडा मेगाबिटमधला असतो, हा मेगाबाइटमधला. आठने भागायचं.

आता खरी गोष्ट. माडीवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत नेट येत नाही, म्हणून डबा नेमका त्याच खोलीत ठेवलात. सगळे असंच करतात. पण डबा नेट तयार करत नाही, आलेलं पुढे देतो. जिथे काही येतच नाही, तिथे तो देणार काय? मोबाइलवर मात्र सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, कारण त्या काड्या मोबाइल आणि शेजारचा डबा एवढ्यापुरत्याच. डब्याचं खालच्या डब्याशी कसं चाललंय ते त्यातून कळत नाही. ते डब्याच्या अ‍ॅपमध्ये बघा. बहुतेक अ‍ॅपमध्ये प्रत्येक डब्याचा सिग्नल दिसतो. उणे ६० च्या आसपास असला तर छान, उणे ७५ म्हणजे नुसती धुगधुगी.

तेव्हा तो डबा जिन्याच्या वळणावर आणा. तिथून खालचा डबा सरळ नजरेत येतो आणि माडीची खोलीही फार लांब नाही. आपल्या जांभ्याच्या भिंती जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या, आणि पाणी या लहरी गिळतं. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण अशा एका भिंतीतच दमते. २.४ ची पुढे जाते, पण हळू. पहिला डबा टीव्हीमागून आणि लोखंडी कपाटाच्या आडून बाहेर काढा. मामींना तो दिसायला आवडणार नाही, पण इलाज नाही.

पडवीतला डबा कोणाला जोडलाय तेही बघा. तो माडीवरच्याकडून घेत असेल तर दोन टप्पे झाले. तुमच्यासारख्या दोन बँडच्या स्वस्त संचात डबा ज्या लहरीवर घेतो त्याच लहरीवर देतो, म्हणून दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. पडवीत निम्म्याचा निम्मा. चौथा डबा आणून यात भर कशाला?

मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद करायला सांगा. नाहीतर त्याच्या जुन्या नावाला मोबाइल चिकटून बसतात. खालून वर गेल्यावरही ते खालच्याच डब्याला धरून राहतात, म्हणून मोजण्याआधी मोबाइलचं वायफाय एकदा बंद-चालू करा.

एवढं करूनही माडी रडत राहिली तर वायर ओढायची. तिला तोड नाही. पडवीच्या लाइटचं काम निघालंच आहे, तर वायरमनला कॅट ६ ची एक लाइन माडीपर्यंत टाकायला सांगा, पण विजेच्या तारांच्या पाइपातून नको, वेगळ्या पाइपातून. टोकाला क्लिप बसवताना समोर उभे राहा. आत आठ तारा असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. फक्त वेग १०० वर उतरतो आणि मोजलं की ९४-९५ च्या वर काही केल्या जात नाही. असा आकडा दिसला की क्लिप कापून नवी बसवायला लावा.

गणपतीला मी येतेच आहे. त्याआधी मोडेमपाशी, पहिल्या डब्यापाशी आणि माडीवर आलेले आकडे तेवढे कळवा. आणि वायर ओढायची झालीच तर ती निखळ तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्तात गळ्यात मारतात, ती नको.

तुमची,
भाची