परतीची तयारी

ऑफरोडिंगचे रील्स बघून वाटतं, हा सगळा ताकदीचा खेळ आहे. इंजिन गुरगुरतंय, चिखल काचेवर उडतोय, शेवटी गाडी चढ पार करते आणि सगळे ओरडतात. दिवसभर एसीत बसून कोड लिहिणाऱ्या माणसाला यातलं काय खुणावतं, हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी मी सेकंडहँड मारुती जिप्सी घेतली. फोर बाय फोर, पेट्रोल, पॉवर स्टिअरिंग नाही. 1985 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचं वजन जेमतेम एक टन. चिखलात हलकी गाडी म्हणजे अर्धं काम झालं.

माझी यादी तयार होती: विंच, लाइटबार, स्नॉर्कल, उंच सस्पेन्शन. गॅरेजवाल्या चाचांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आधी खालून बघू या."

खालून बघण्यात दोन शनिवार गेले. लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या, बुश, ब्रेकचे पाइप, रेडिएटरचे होज. मग त्यांनी ॲक्सलवरची एक छोटी नळी दाखवली. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालून चालून डिफरन्शिअल गरम होतं. तसंच ते ओढ्याच्या गार पाण्यात गेलं, की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधासारखं पांढरं होतं आणि मग गिअर झिजत जातात. उपाय काय, तर रबरी नळी जोडून ब्रीदरचं तोंड वर बॉनेटखाली आणायचं. खर्च विंचच्या तुलनेत काहीच नाही. आणि याचा रील होत नाही.

यादीतलं बाकीचं बरंचसं कायद्यानेच उडालं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. उंच सस्पेन्शन बाद. त्याऐवजी मी घेतलं: 12 व्होल्टवर चालणारा हवा भरायचा छोटा पंप, ताणली जाणारी नायलॉनची जाड दोरी, दोन शॅकल, फावडं, आणि पुढे-मागे चासीला बसवलेले मजबूत हुक.

पहिले धडे मुळशीकडच्या एका खासगी जागेत गिरवले. पहिला धडा: टायरमधली हवा कमी करा. रस्त्यावर मी 28 पीएसआय ठेवतो, चिखलात 18. टायर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो. दुसरा: अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडू शकतो. तिसरा: निसरड्या उतारावर ब्रेक करकचून दाबायचा नाही, चाकं लॉक झाली की गाडी घसरगुंडी होते. लो रेंज, पहिला गिअर, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं. पाय काढून घेऊन नुसतं बसणं किती अवघड असतं, ते पहिल्या उतारावर कळतं.

आणि फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना कायम सारखी ताकद, असंही नाही. साध्या डिफरन्शिअलमध्ये ज्या चाकाला विरोध कमी, ते आधी फिरतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं, की ती दोन मजेत फिरत राहतात आणि जमिनीवरची दोन ढिम्म. फोर बाय फोरमुळे आपण जास्त आत जाऊन अडकतो, असं आमच्या ग्रुपमधले एक अनुभवी दादा म्हणतात. ते फौजेत ड्रायव्हर होते.

दोरीचे नियम त्यांनी शिकवले. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोरी कधीच अडकवायची नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो, त्याने माणसं मेली आहेत. बघ्यांनी दोरीच्या लांबीहून लांब उभं राहायचं. दोरीवर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटली तरी ती जमिनीकडे पडते.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही चार गाड्या घेऊन ताम्हिणीच्या बाजूला गेलो. गाडीवाटेने तासभर छान गेलो. मग ओढा लागला. पलीकडे वाट दिसत होती, फार तर 15 मीटरवर. पाऊस थांबला होता. पुढची गाडी माझी होती.

नियम असा, की जे पाणी चालत ओलांडता येत नाही त्यात गाडी घालायची नाही. मी काठी घेऊन उतरलो. तिसऱ्या पावलाला पाणी गुडघ्याच्या वर, पाचव्याला पायाखालचे गोटे सरकायला लागले. पाण्याचा रंग चहासारखा. शेजारच्या खाचरात लावणी चालली होती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेले एक काका बांधावर आले. "पोरांनो, वर डोंगरात पडतोय. हितं थांबला म्हणून काय झालं?"

मागून हाका सुरू झाल्या. "अरे जाईल रे! जिप्सी आहे!" एकाने मोबाइल धरून ठेवला होता. मला हिशेब दिसत होता. इंजिनने हवेच्या वाटेने पाणी ओढलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग वाकतो कनेक्टिंग रॉड. आणि ते फक्त इंजिनचं झालं. गाडीत माझ्याशेजारी माझी बहीण बसली होती.

मी म्हणालो, "मी वळवतोय." एक मित्र चिडला. दादा काही न बोलता आपली गाडी रिव्हर्स घ्यायला लागले आणि वाद तिथेच संपला.

परतताना गाडीत शांतता होती. खरं सांगायचं तर आनंदबिनंद काही नव्हता, नुसतं बावळटासारखं वाटत होतं. कदाचित गाडी आरामात गेली असती. योग्य निर्णयाचा त्रास हाच असतो, त्याचा पुरावा मिळत नाही. ऑफिसमध्येही शुक्रवारी संध्याकाळी कुणी रिलीज थांबवलं, तर जे बिघडलंच नाही त्यासाठी त्याला शाबासकी मिळत नाही. पलीकडे गेलेल्याचा व्हिडिओ असतो. वळवलेल्या गाडीचा नसतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, बंद पडलेल्या गाड्या आणायला ते रात्री-अपरात्री जायचे. माझ्या छंदावर त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: "आम्ही खड्डे चुकवण्यात जन्म घालवला, तू पैसे देऊन शोधतोस." पण या वेळी त्यांनी मुक्कामी गाड्यांचं सांगितलं, रात्री शेवटच्या गावात थांबून पहाटे परत निघणाऱ्या. "मुक्कामी गाडी रात्री उशिरा पोचली तर लोक दोन शिव्या घालतात अन् विसरतात. पहाटे सुटली नाही, तर पोरांची शाळा बुडते, कुणाचा दवाखाना राहतो. म्हणून आम्ही गाडी पाठवतानाच ती परत कशी येईल ते बघायचो."

मग ते चप्पल घालून खाली पार्किंगमध्ये गेले. वाकून जिप्सीखाली बघितलं, ब्रीदरची नळी बोटाने हलवून पाहिली. "क्लिप ढिली आहे," म्हणाले. "पान्हा आण."