दगडी फरशी, आठ बाय अकरा

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावात फ्लेक्सचा धंदा करणाऱ्याच्या अंगात एकच गोष्ट भिनते, लांबून दिसलं पाहिजे. वाढदिवसाचा बॅनर असो, कृषी सेवा केंद्राची पाटी असो की श्रद्धांजलीचा फलक, मोटारसायकलवरून जाणाऱ्याची मान वळली पाहिजे. पिवळ्यावर लाल अक्षर, अक्षराला पांढरी किनार, किनारीला काळी सावली. वीसेक वर्षं मी हेच केलं आणि त्यावर घर बांधलं. त्यामुळे पुण्याच्या भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, खेळासाठी दगडी फरशीचे प्रिंट काढून द्याल का?" तेव्हा मला हसूच आलं. फरशीत करायचंय काय?

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडल्या-नडल्याचा निकाल फाशांवर लागतो. टेबलावर किल्ल्याचा नाहीतर तळघराचा नकाशा पसरायचा आणि त्यावर बोटाच्या दोन पेरांएवढ्या मूर्ती उभ्या करायच्या. नकाशावर एकेक इंचाची चौकोनी घरं असतात, एक इंच म्हणजे गोष्टीतले पाच फूट. परदेशातून छापील नकाशे मागवणं त्या पोरांना परवडेना, म्हणून त्यांना घरचा मामा आठवला.

पहिलं काम मी चहा निवायच्या आत उरकलं. गूगलवर दगडी फरशी शोधली, त्यातल्या त्यात मोठं चित्र उतरवून घेतलं, कोरलमध्ये घरं आखली आणि पीडीएफ पाठवून दिली. आमच्या धंद्यात गूगलवरचं चित्र म्हणजे गायरानातली बाभूळ, ज्याला लागेल त्यानं तोडावी. कुठल्याशा स्टुडिओचा पुसट वॉटरमार्क तसाच ठेवून छापलेले शुभेच्छा फलक मी स्वतः चौकात टांगलेले आहेत. भाच्यानं त्या फरशा ओळखीपाळखीत विकल्या. घेणाऱ्यांतला एक जण स्वतः नकाशे काढणारा निघाला आणि त्यानं ते दगड ओळखले. एका परदेशी चित्रकाराच्या विकत मिळणाऱ्या संचातले होते. भाच्यानं सगळ्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून परत केले आणि मला बरेच दिवस फोन केला नाही. मी इकडे बायकोला सांगत होतो, "नेटवर टाकलंय म्हणजे लोकांनी घ्यावं म्हणूनच ना?" ती म्हणाली, "मग तुमचं डिझाईन शेजारच्या दुकानदारानं उचललं तेव्हा भांडायला कशाला गेला होतात?" याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मग ठरवलं, दगड आपलाच घ्यायचा. आमच्या जुन्या घराच्या ओसरीला शहाबादी फरशी आहे, आजोबांच्या वेळची. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात. तो जिल्हा आणि आमचा परभणी, दोन्ही १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि इकडच्या जुन्या घरांत तोच करडा चुनखडक पायाखाली असतो. भर दुपारी मोबाईल घेऊन ओसरीत वाकलो. आई म्हणाली, "फरशीचे फोटू कशाला काढायलास रे? पडली का कुठं?" फोटो वाया गेले. खांबाची सावली आडवी पडली होती आणि मोबाईल तिरका धरल्यानं दगड एका बाजूला निमुळते झाले होते. ढगाळ दिवशी, स्टुलावर चढून, मोबाईल फरशीला समांतर धरून काढायचे असतात, हे मग कळलं.

छापलेलं पहिलं पान बघून भाचा म्हणाला, "मामा, यावर माझा योद्धा मुंगीएवढा वाटतोय." मी एक फरशी कागदावर तीन इंचांची केली होती, म्हणजे गोष्टीच्या मापात पंधरा फुटांची. ओसरीतली खरी फरशी दोन फुटांची. इंचाला पाच फूट धरले तर ती कागदावर जेमतेम एक सेंटीमीटर भरते. चौथीतलं गणित, पण मला दगडाच्या शिरा आणि खवले दाखवायचे होते. एक सेंटीमीटरात ते कुणाला दिसणार?

या कामाची रीत अशी की सहा इंचांचा एक तुकडा तयार करायचा आणि तोच शेजारीशेजारी लावत जायचा. कडा जुळाव्यात म्हणून चित्र निम्म्यानं सरकवतात. कडा मधोमध येतात आणि सांधा उघडा पडतो, तो आजूबाजूचा दगड उचलून बुजवायचा. ते मी रात्री जागून केलं, आणि इतकं बेमालूम की सांधा मलाच सापडेना. पण त्या तुकड्यात एक तांबूस डाग होता, आजोबांच्या पानाचा. ओसरीच्या त्या कोपऱ्यात त्यांची बैठक असायची. तस्त हाताशी असायचं, पण पिंक दरवेळी तस्तातच पडायची असं नाही. डाग मला दिसला होता. घालवायचा तर दोन मिनिटांचं काम. मी तो मुद्दाम राखला, खऱ्या दगडाची खूण म्हणून. शिवाय करड्यावर तांबडं उठून दिसत होतं, आणि उठून दिसणारं काही पुसायला माझा हात धजत नाही.

त्या शनिवारी पुण्यात खेळ बसला. ओसाड किल्ल्यातल्या कैद्याला सोडवून आणायचं, अशी गोष्ट होती. मंडळी पहिल्या दालनात शिरली आणि एकीनं विचारलं, "हा लाल डाग कसला?" गोष्ट चालवणारा म्हणाला, काही नाही, फरशी आहे. झालं! या खेळात ‘काही नाही’ म्हटलं की काहीतरी आहे अशी सगळ्यांची खात्रीच पटते. त्यांनी डाग हुंगला, खरवडला, एकानं चाखूनही पाहिला, त्या प्रत्येकासाठी फासे टाकले. पुढच्या दालनात तसाच डाग. त्याच्या पुढच्यातही. दर सहा इंचांवर, म्हणजे किल्ल्यात दर तीस फुटांवर. त्यावरून त्यांनी ताडलं की कुणीतरी जखमी माणूस इथून गेलाय, आणि अंतर इतकं सारखं आहे त्याअर्थी तो माणूस नसून यंत्र असणार. यंत्रातून रक्त कसं येईल यावर आणखी तासभर वाद झाला. कैदी कोठडीतच राहिला आणि मध्यरात्री डाव मोडला. भाच्यानं हे मला हसत हसत सांगितलं. ज्यानं कितीतरी संध्याकाळी बसून ती गोष्ट रचली होती, तो मित्र मात्र हसला नाही म्हणे. पुढचे काही शनिवार त्यानं खेळ लावलाच नाही.

डाग घालवला. खोड गेली नाही. शहाबादी आता मला मिळमिळीत वाटायला लागली, किल्ल्याला काळा पाषाणच पाहिजे. पावसाची सर येऊन गेल्यावर गंगाखेडला गोदावरीच्या काठी जाऊन ओल्या पायऱ्यांचे फोटो काढले. स्क्रीनवर काय तो दगड चमकत होता! स्क्रीनला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, तेव्हा छापून रंग काळवंडणार, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवणारा माणूस. छापलं तर नुसता काळोख. घरांच्या रेषा त्यात बुडाल्या आणि काळे मुखवटेवाले सैनिक कुठे उभे आहेत ते चाचपून बघावं लागलं.

एवढं होऊनही पुण्यात अशा खेळांचा मेळावा भरणार म्हटल्यावर मी संच छापायला घेतले, पुन्हा शहाबादीचे. भाचा म्हणत होता, आधी वीसच काढू. शंभरावर दर उतरतो हे मला माहीत होतं, आणि छपाईतलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं हेही मला माहीत होतं. संचात बारा पानं, ए-फोर, ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, एका बाजूला ग्लॉस लॅमिनेशन. पानावर आडवी आठ घरं, उभी अकरा. मोठ्या शहरातल्या एका डिजिटल प्रेसला फाईल पाठवली. बिल वीस हजारांच्या वर गेलं. खोकी एसटीनं आली. दुकानातल्या टेबलावर दोन पानं शेजारी लावली. पहिलं घर जुळलं, दुसरं जुळल्यासारखं वाटलं, पाचव्याला रेष सरकलेली दिसली आणि अकराव्याशी एका पानावरची भिंत दुसऱ्या पानावरच्या दारात येऊन उभी राहिली.

मी प्रेसला फोन लावला. "तुमच्या मशीननं माल आकसवला, मी पैसे देणार नाही." दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यामुळे आवाज जरा जास्तच चढला. पलीकडच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट्टी लावून बघितलीत का?" मी म्हटलं, वीस वर्षं या धंद्यात आहे, मला नजरेनं कळतं. त्यानं माझ्याच फाईलची मापं मला पाठवून दिली. आठ पानं मी पीडीएफ करताना ‘फिट टू पेज’ची खूण न काढता केली होती. उरलेली चार नंतर, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, पूर्ण मापात. त्या खुणेमुळे कडेला जागा राखायला सगळं चित्र लहान होतं, माझं ९७ टक्क्यांवर आलं होतं. लग्नपत्रिकेत याचा कुणाला पत्ताही लागत नाही. नवरदेवाचं नाव तीन टक्क्यांनी बारीक झालं म्हणून वरात अडत नाही. इथे मात्र अकरा घरांमागे साडेआठ मिलिमीटर गिळले गेले, घराचा तिसरा हिस्सा. आणि मी प्रूफ काढला होता! घरच्या प्रिंटरवर काढून, हातात धरून, रंग कसा आलाय तेवढं बघितलं होतं. पट्टी टेबलाच्या खणात होती.

पैसे भरले. माफीचा फोन केला तर "चालायचंच, साहेब" म्हणाला, पण त्या प्रेसमध्ये माझं काम अजूनही आधी पैसे जमा झाल्याशिवाय मशीनवर चढत नाही. निदान आपसांत जुळणारी आठ पानं तरी खपतील असं वाटलं होतं, पण घरच इंचाला कमी, त्यामुळे २५ मिलिमीटर बुडाच्या मूर्ती शेजारच्या घरात घुसायला लागल्या. त्यात ट्यूबलाईटखाली ग्लॉस असं चकाकायचं की अर्धी फरशी दिसायचीच नाही. मेळाव्याला भाचा रिकाम्या हातानं गेला. ती कार्डं मी पुढे कित्येक दिवस कोटेशन लिहायला वापरली. ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यापासून गणेश मंडळापर्यंत बऱ्याच जणांकडे पाठीवर किल्ल्याची फरशी असलेलं माझं दरपत्रक पडलेलं असेल.

हल्ली मी फरशी करतो ती फिकट राखाडी. एका तुकड्याऐवजी चार करतो आणि ते फिरवून लावतो. भेग काढलीच तर ती घराच्या रेषेपेक्षा गडद होऊ देत नाही. लॅमिनेशन मॅट. पान तयार झालं की दुकानात काम करणाऱ्या पोराला धरून विचारतो, आधी नजर कुठे गेली? त्यानं बोट ठेवलं की ती जागा मिटवायची. बॅनरलाही हीच परीक्षा घेतो, तिथे बोट ठेवलं की पोराला चहा मिळतो. एकदा पोरगं पानाकडे बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, "यात काहीच नाही की." ते पान खपलं. पण खरं सांगायचं तर पाठवताना हात जरा जड झाला होता, कोपऱ्यात एखादी तरी तांबडी रेघ टाकावी असं फार वाटत होतं.

सध्या घोळ चाललाय तो वालूरच्या बारवेचा. आमच्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्यापर्यंत जातात. तिचे फोटो पाठवल्यापासून भाच्याच्या टोळीनं दुसरा किल्ला नको म्हणून हट्ट धरलाय. मी नेहमीच्या सवयीनं वर इंचाची चौकोनी घरं टाकून दिली. एक पायरी अडीच घरांत, पुढची पावणेदोन घरांत, आणि तिरक्या कडेवर उभा असलेला माणूस वरच्या पायरीवर की खालच्या, यावरून पुण्यात पुन्हा तासभर भांडण. शेवटी घरं काढूनच टाकली. लगेच फोन आला, "मामा, आता अंतर कसं मोजायचं?" म्हटलं, सुतळी घ्या, इंचाइंचावर गाठी मारा. परवा विचारलं, जमतंय का? म्हणाला, जमतंय, फक्त सुतळी ताणून धरायची की सैल, ते अजून ठरलेलं नाही.