बहुमताने सहल

चार मित्रांची सहल ठरवणं म्हणजे लग्न ठरवण्यापेक्षा अवघड. लग्नात निदान मुलगा-मुलगी तरी तयार असतात. 2022 साली व्हॉट्सअ‍ॅपवर मतदानाची सोय आली आणि आम्ही पनवेलकर म्हणालो, सुटलो बुवा! पर्याय बारा देता येतात. आमच्या हेडमास्तरांनी बाराही दिले. माथेरान, प्रबळगड, झालंच तर गच्चीवरून दिसणारा कर्नाळा. एकाला कितीही मतं देता येतात, तेव्हा कुणाचं मन मोडायला नको म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना दिली!

भाचा असलीच अ‍ॅपं बनवतो. म्हणाला, "मामा, आणखी काय सोय हवी?"

म्हटलं, "एकच बटण काढ बाबा : 'मी एस्टी स्टँडवर उभा आहे. येताय, की जाऊ?'"

पूर्वी हे काम बापू करायचा. तो गेल्यापासून आमचं मतदान चालू आहे.