खिशातला स्टुडिओ आणि समोरचा श्रोता



मी जन्माने आणि वाढीने वडोदऱ्याचा. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहितो, शनिवार-रविवार गातो. भावगीतं, अभंग आणि अधूनमधून स्वतः लावलेल्या चाली. कुठल्या कंपनीशी करार नाही, मॅनेजर नाही. गाणं बसवणं, रेकॉर्ड करणं, मिक्स करणं आणि लोकांपर्यंत पोचवणं, सगळं घरच्या घरी. याला हल्ली 'इंडिपेंडंट म्युझिशियन' म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेत याला 'हौस' म्हणतात.

मंडळातली कॉलेजची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, माइक कोणता घेऊ?" त्यावर माझाही उलट प्रश्न ठरलेला आहे, "गाणार कुठे आहेस? खोलीत की स्टेजवर?" कारण ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची हत्यारंही वेगळी आहेत.

आधी खोलीतलं बोलू. फोनवर रेकॉर्ड करणं म्हणजे काहीतरी तात्पुरतं, असा संकोच बऱ्याच जणांना वाटतो. पण आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच अशी फिरती झाली. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग नावाचा तंत्रज्ञ यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यात आला. हॉटेलच्या खोलीत तात्पुरता स्टुडिओ उभा राहिला आणि गौहर जान तिथे गायल्या. माइक नव्हताच. भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं आणि तीनेक मिनिटांत राग संपवायचा. तबकडीवर जागाच तेवढी! १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, तीही साधारण साडेतीन मिनिटांचीच. मैफलीत एकेक राग तासभर मांडणाऱ्या या मंडळींनी यंत्राची अट समजून घेतली आणि तिच्या आत आपलं गाणं बसवलं. आज रीलची अट याहून कडक आहे, एवढंच.

आणि खोलीचं म्हणाल, तर बिली आयलिशचा २०१९चा पहिला अल्बम मुख्यतः तिच्या भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' मिळालं. तेव्हा जागेचा न्यूनगंड नको.

आता कामाच्या गोष्टी. माइकपेक्षा खोली महत्त्वाची. रिकाम्या भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, मागे एखादी जाड गोधडी टांगा. निम्मं काम तिथेच होतं. पंखा बंद, फ्रिज लांब, फोन विमान मोडवर. कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. मी रात्री अकरानंतर गातो. तेव्हा आमच्या गल्लीतल्या स्कूटर झोपलेल्या असतात.

माइक किंवा फोन तोंडापासून साधारण एक वीत लांब ठेवा आणि किंचित तिरपा धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांचे फुत्कार थेट आत जात नाहीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गाताना डोकं हललं की रेकॉर्डिंग वरखाली होतं ते याचमुळे. पातळी अशी ठेवा की सर्वांत वरची तानही उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज सहसा पुन्हा शिवता येत नाही. ॲपमध्ये सोय असेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ आणि वेव्ह फाइल निवडा. गॅरेजबँड किंवा बँडलॅब सुरुवातीला पुरेसं आहे.

आणि ब्लूटूथ हेडफोन लावून कधीही गाऊ नका. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ब्लूटूथमधून आवाज कानात यायला बऱ्याचदा शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना ते जाणवत नाही, पण तबल्यावर गाताना तुमची सम दर वेळी मागे पडते आणि दोष गळ्याला लागतो. साधा वायरवाला हेडफोन घ्या.

स्टेजवर मात्र सगळा हिशेब उलटा होतो. घरी आवडणारा नाजूक कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं ऐकतो, म्हणून उघड्या मांडवात तो स्पीकरचाही आवाज पकडतो आणि शिट्टी मारायला लागतो. तिथे डायनॅमिक माइक बरा. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून जगभरच्या स्टेजवर आहे तो याच कारणाने. तो ओठांजवळ धरावा लागतो आणि मागून येणारा आवाज तो कमी घेतो. म्हणून मॉनिटर त्याच्या पाठीशी, म्हणजे गायकाच्या समोर ठेवतात, आणि मुख्य स्पीकर माइकच्या पुढे प्रेक्षकांकडे. माइकची जाळी मुठीत झाकायची नाही. सिनेमात रुबाबदार दिसतं, मांडवात शिट्टी वाजते. आणि साउंड चेक रिकाम्या हॉलमध्ये होतो हे विसरायचं नाही. माणसं भरली की ती आवाज शोषून घेतात, त्यामुळे दुपारी घुमणारा हॉल संध्याकाळी कोरडा वाटतो.

हे सगळं शिकता येतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची.

आमच्याकडे गणेशोत्सवात एक संध्याकाळ सुगम संगीताची असते. गेल्या वर्षी समितीतल्या एका मुलीचा फोन आला, "दादा, या वेळी ट्रॅकवर गाल का? तबला-पेटीचं मानधन वाचेल, साउंडवाल्यालाही सोपं जाईल." तिचं म्हणणं अवाजवी नव्हतं. वर्गणी तेवढीच आहे आणि मांडव, जेवण, सगळ्याचे भाव वाढलेत. शिवाय ट्रॅक चुकत नाही, रुसत नाही, सतार-बासरी-व्हायोलिन सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये येतं.

त्या रात्री मी आमच्या तबल्याच्या काकांकडे गेलो. सत्तरीच्या जवळ आलेले आहेत. मी शाळेत असल्यापासून प्रत्येक उत्सवात तेच साथीला. विचारलं, "काका, या सीझनला किती कार्यक्रम?"

"दोन," ते म्हणाले. "पूर्वी दहा दिवसांत घरी जेवायला वेळ नसायचा."

तक्रारीचा सूर नव्हता. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुझ्या ओळखीत कोणी मुलगा वाजवतो का रे?"

मी म्हटलं, "वाजवतात की, काका. दोन-तीन जण छान वाजवतात."

"कुठे?"

"घरी. व्हिडिओ टाकतात."

"मग साथ कधी करणार?" एवढंच म्हणून ते चहा करायला उठले.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तबला एकट्याने शिकता येतो, पण साथ ही फक्त दुसऱ्याबरोबर बसून शिकता येते. गायक श्वास कुठे घेतो, शब्द विसरला तर त्याला सांभाळून कसं घ्यायचं, टाळी पडली की ठेका किती भरायचा, हे घरी हेडफोन लावून कळत नाही. पुण्या-मुंबईत एक कार्यक्रम ट्रॅकवर झाला तर फरक पडत नाही, शेजारच्या सभागृहात दुसरा असतो. आपल्या गावांतून मराठी गाण्याच्या वर्षाला मोजक्या संध्याकाळी असतात. त्याही पेन ड्राइव्हवर गेल्या, तर पुढच्या पिढीला साथीदार आणणार कुठून? ज्या शहरात १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, जिथे फैयाझ खाँसाहेब दरबारी गायक होते, तिथे मराठी अभंगाला तबलजी मिळू नये?

मी समितीला मधला मार्ग सुचवला. आठ गाणी. मोठा वाद्यवृंद लागतो अशी दोन ट्रॅकवर, उरलेली सहा तबला-पेटीवर. मानधनाचा काही भाग माझ्या वाट्यातून. आणि तबल्यावर काकांच्या शेजारी घरी व्हिडिओ करणाऱ्यांपैकी एक मुलगा, दोन गाण्यांसाठी. समितीने मान्य केलं. काकांनी त्या मुलाला तीन रविवार घरी बोलावलं.

कार्यक्रमात शेवटच्या अभंगाला पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर करून सांगितलं, "तो अंतरा पुन्हा म्हण." मी पुन्हा घेतला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, लय दुप्पट केली, मागून टाळ्या सुरू झाल्या, आणि चार मिनिटांचं गाणं अकरा मिनिटं चाललं. ट्रॅक असता तर त्या आजींना मी नुसतं हसून नमस्कार केला असता आणि फाइल पुढे सरकली असती.

त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग मी स्टँडवर लावलेल्या फोनवरच केलं. त्यात पंखे आहेत, एक बाळ रडतंय, आणि पेटी जरा लांबून येते. माझ्या खोलीतल्या रेकॉर्डिंगच्या तुलनेत ते खूपच ओबडधोबड आहे. पण त्या मुलाने ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मला मेसेज केला, "दुसऱ्या अंतऱ्याला काका थांबले होते, मी धावलो. आता कळलं." फोनचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आता काकांच्या परवानगीने आणि रीतसर मानधन देऊन मी त्यांचे ठेके रेकॉर्ड करतोय. केरवा, दादरा, भजनी, रूपक. प्रत्येक तीन लयींत. मंडळातल्या मुलांना रियाजासाठी देणार आहे. अट एकच. त्यावर रियाज करायचा, कार्यक्रम नाही.

तेव्हा मंडळी, माइक जरूर घ्या. वायरवाला हेडफोन घ्या, गोधडी टांगा, भरपूर रेकॉर्ड करा. पण त्याआधी आपल्या गावात तबला कोण वाजवतं, पेटी कोण वाजवतं, एवढं विचारून ठेवा आणि उत्सवाच्या आधी दोनदा तरी त्यांच्यासमोर जाऊन बसा. गणपतीला अजून वेळ आहे.