खंडाची गाडी

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे हिशेबाशी वाकडे असते, असा एक समज आहे. तो कोणी पसरवला ते ठाऊक नाही. पण मीही तो कधी खोडून काढला नाही, कारण त्यामुळे घरातली पुष्कळशी कामे आपोआप टळतात.

संस्थेने माझी बदली सांगलीहून जतला केली आणि ही युक्ती चालेनाशी झाली. सांगली ते जत साधारण ८५ किलोमीटर, जाऊन-येऊन १७०. वर्षाचे २२० दिवस धरले तर ३७,४००, आणि इतर फिरणे मिळवले की ३९,०००. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर! म्हणजे दरवर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा घालून मी अखेर सांगलीतच पोचणार होतो.

"मग जतलाच एक खोली का घेत नाही?" असे पुष्कळांनी विचारले. उत्तर सोपे होते, पण चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. तात्या गेल्यापासून आई रात्री माझ्यावाचून जेवत नाही. सहा महिने मी एस.टी.ने जाऊन पाहिले. एक गाडी चुकली की घरी पोचायला दहा वाजत, आणि ऐंशीच्या घरातली आई ताट झाकून तशीच बसलेली असे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या मनातल्या जुन्या बेताला पालवी फुटली. पाडव्याला गाडी आणायचे ठरले. तेवढ्यात पुण्याचा भाचा आला आणि त्याने 'लीज' हा शब्द घरात आणला.

"मामा, कर्ज काढून गाडी घेणं आता जुनं झालं," तो म्हणाला. "महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची. विमा, सर्व्हिसिंग सगळं त्यांच्याकडे. तीन वर्षांनी किल्ली परत. जत काय कायमचं थोडंच आहे?"

शेवटच्या वाक्याने मी विरघळलो. बदलीच्या माणसाला 'तीन वर्षांनी' हा शब्द फार गोड लागतो. भाच्याची गोष्ट अर्थात निराळी होती. त्याची कंपनीच गाडी लीजवर घेते, पैसे पगारातून वळते होतात आणि प्राप्तिकरातही काही वाचते. आम्हा प्राध्यापकांना ही सोय कुठली!

आई कोपऱ्यात वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे खंडानं घ्यायची की!"

मी आयुष्यभर प्रतिशब्द शिकवले, पण इतका नेमका मला सुचला नव्हता. तासगावकडे तात्यांची थोडी जमीन होती. शेजारची दोन एकर ते खंडाने करीत. घरच्या रानात शेणखत पडे, खंडाच्या रानात पडत नसे. पुढच्या साली ते आपल्याकडे राहील की नाही, याचा भरवसा नसे. आणि विहिरीसाठी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले, तेव्हा सातबाऱ्यावर बोजा चढला. दर उन्हाळ्यात ते तलाठ्याकडून उतारा आणीत आणि तो बोजा पुनःपुन्हा वाचीत. तो उतरला त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. ते म्हणत, "बोजा कधीतरी उतरतो. खंड उतरत नाही."

मोटारीचेही तसेच आहे. कर्ज असेतोवर आर.सी. बुकावर बँकेचे नाव असते. शेवटचा हप्ता फिटला, बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आर.टी.ओ.त दिला की ते नाव निघते. लीजची गाडी दुसऱ्याची ती दुसऱ्याचीच. १ एप्रिल १९५७ ला कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले; पण 'चालवील त्याची मोटार' असा कायदा अजून कोणी केलेला नाही.

भावना झाली, आता हिशेब. तो आमच्या हिने केला, कारण ती गणिताची शिक्षिका. गाडी आठ लाखांची. पदरचे दोन, कर्ज सहा. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ रुपये. एकूण व्याज सुमारे १,४७,३००. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिना ५,००० बाजूला काढायचे. पदरचे दोन लाख साठ महिन्यांत वाटले, तर सगळे मिळून महिना २१,००० च्या आत.

लीजच्या कागदावर महिना १७,५०० होते. मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिले. ती तोवर तळटीप वाचत होती. वर्षाला १८,००० किलोमीटरची मर्यादा. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला सात रुपये. आमचे जादा किलोमीटर २१,०००, त्यांचे दरसाल १,४७,००० रुपये! पाच वर्षांच्या कर्जाचे सारे व्याज लीजवर एका वर्षात उडत होते. मर्यादेच्या आत फिरणाऱ्याला आणि दर तीन वर्षांनी नवी गाडी लागणाऱ्याला ती स्वस्तच पडली असती. जास्त किलोमीटरचा करार आधीच करता येतो, पण मग मासिक रक्कम चढते. मध्येच गाडी परत केली तर दंड निराळा. बदली रद्द झाली म्हणून तो माफ होत नाही.

"पण आपल्या गाडीचेही पाच वर्षांत दोन लाख किलोमीटर होतील," मी म्हणालो. "मग ती कोण घेणार?"

"किलोमीटर कुणालाच फुकट नसतात," ही म्हणाली. "लीजवाला त्यांचं बिल दरसाल लावतो, घरची गाडी विकताना एकदम लावते. तुम्ही ती विकूच नका. हप्ते संपल्यावर जितकी वर्षं चालेल, तितका खर्च हलका."

उरला पूर. २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या सांगलीकराला हा प्रश्न पडणारच. गाडी पुरात पूर्ण गेली तर विमा कंपनी ठरलेली किंमत देते. कर्ज त्याहून जास्त उरले असेल तर फरक आपल्याला भरावा लागतो. आणि पाण्याने इंजिन बिघडले तर साधा विमा सहसा उपयोगी पडत नाही. इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते आम्ही घेतले. लीजवर ही दगदग बरीच कमी, हे मात्र कबूल केले पाहिजे.

पाडव्याला गाडी दारात आली. आईने चाकांखाली लिंबे ठेवायला लावली, ओवाळले आणि बॉनेटवर हात ठेवून विचारले, "बोजा किती वर्षांचा?"

"पाच."

तिने बोटांवर काहीतरी मोजले. मी दुसरीकडे पाहिले.

"उतरला की पेढे आण," ती म्हणाली. "आणि उद्यापासून साडेसातला जेवायला बसू."