नव्वद मिनिटांचा हिशेब

यंदा चवथ होऊन आठेक दिवस झाले होते. माटोळीचे नारळ आणि सुपाऱ्या अजून पडवीतच पडून होत्या. संध्याकाळी एक माजी विद्यार्थी घरी आला. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला, दहावीला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळवलेला मुलगा. असा विद्यार्थी दारात दिसला की मास्तराला आपलं आयुष्य फुकट गेलं नाही असं वाटतं. चहा झाला, आईबाबांची विचारपूस झाली, आणि मग त्यानं पिशवीतून पतसंस्थेचा अर्ज काढला. एक लाखाचं कर्ज. दोन जामीन हवे होते. एक मामा, दुसरा मी.

"कशाला रे एवढे पैसे?" मी विचारलं.

खोटं बोलायची सवय नसलेली मुलं अशा वेळी खाली बघतात. हा सरळ माझ्याकडे बघत होता. त्यानं एक जाड वही काढून माझ्यापुढे ठेवली. "सर, हांव जुगार खेळना. हें गणीत."

वही उघडली आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मला कौतुकच वाटलं. फुटबॉलच्या सामन्यांवर लावलेल्या पैजांची ती रोजनिशी होती. तारीख, संघ, भाव, रक्कम, निकाल, शिल्लक, सगळे रकाने आखलेले. सुरुवातीचं भांडवल पन्नास हजार. एका खेळीला त्याचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे हजार रुपये, कमी नाही, जास्त नाही. आवडत्या संघावर पैसे लावायचे नाहीत, रात्री बारानंतर लावायचे नाहीत, हरलेले पैसे त्याच दिवशी वसूल करायला जायचं नाही. पहिल्या पानावर लाल शाईत शीर्षक होतं, 'दीर्घ पल्ल्याची पद्धत'. माझ्या शाळेचं वार्षिक नियोजनही इतकं नीटनेटकं नसतं.

मुलाला दोष देण्याआधी घरची परिस्थिती सांगायला हवी. वडिलांचा खाणीवर ट्रक होता. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. डिचोली तालुक्यात उभ्या ट्रकांच्या चाकांभोवती गवत वाढलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. ट्रक विकला, कर्ज राहिलं. हाताशी मोबाईल होता, आणि फुटबॉलचं वेड तर आमच्या मातीतच आहे. १८८३ साली फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीत हा खेळ आणला म्हणतात. तिथून शापोरा ओलांडून पेडण्यात आणि पुढे इथवर तो कसा रुजला, हे कापणीनंतरच्या कुठल्याही शेतात उभं राहिलं तरी कळतं.

जुगारही आम्हांला नवा नाही. जत्रेत एकीकडे दशावतारी रंगतो, आणि मागे कंदिलाच्या उजेडात चित्रांचा पट मांडलेला असतो. १९६२ मध्ये कल्याणजी भगतांनी मुंबईत सुरू केलेला मटका गोव्यात चहाच्या दुकानापर्यंत पोचला. १९७६ चा जुगारबंदीचा कायदा आला, १९९२ मध्ये त्यातच दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आली, १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजांवरच्या खेळाला वाट मिळाली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवरच देशभर बंदी घातली. पण या मुलाला कुणा एजंटानं परदेशी संकेतस्थळाचा 'आयडी' दिलेला होता. एक दार बंद झालं की खिडकीतून आत यायची या धंद्याची रीत जुनीच आहे.

मी चष्मा लावला आणि कागद-पेन्सिल घेतली. उपदेश त्यानं मान खाली घालून ऐकला असता आणि घरी जाऊन विसरला असता. आकड्यांशी तो तसं वागणार नाही, एवढी मला खात्री होती.

मटक्याचा हिशेब आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. दहा माणसांनी दहा आकड्यांवर रुपया-रुपया लावला तर एकाला नऊ मिळतात आणि एक रुपया पेढीवर राहतो. फुटबॉलच्या भावात तोच रुपया जरा सभ्य कपडे घालून बसलेला असतो. दोन बाजू सारख्याच तोलाच्या असल्या तर खरा भाव शंभराला दोनशे असायला हवा. मिळतो एकशे नव्वद. दोघांकडून दोनशे घेतले, जिंकणाऱ्याला एकशे नव्वद दिले, दहा मधल्यामध्ये राहिले. म्हणजे निम्म्या पैजा जिंकून बरोबरी होत नाही. शंभरात जवळजवळ त्रेपन्न जिंकाव्या लागतात.

त्याच्या वहीत चारशे पैजा होत्या. जिंकलेल्या दोनशे चार, हरलेल्या एकशे शहाण्णव. "म्हणजे तू अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर होतास," मी म्हटलं. त्याचा चेहरा खुलला. जिंकलेल्याचे प्रत्येकी नऊशे, एकूण एक लाख त्र्याऐंशी हजार सहाशे. हरलेल्याचे प्रत्येकी हजार, एकूण एक लाख शहाण्णव हजार. तोटा बारा हजार चारशे. एवढी शिस्त पाळून, आपल्या अंदाजात अर्ध्याहून जास्त वेळा बरोबर ठरून, मुलगा बारा हजारांनी खाली होता.

वहीत 'केली' असंही लिहिलेलं होतं. बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र, भांडवलाचा कितवा भाग लावावा हे सांगणारं. मी म्हटलं, "घाल तुझेच आकडे." त्यानं घातले. नव्वद पैशांचा नफा, शंभरात एक्कावन्न विजय. उत्तर शून्याच्याही खाली आलं. तो पेन्सिल धरून बराच वेळ बघत राहिला. ज्या सूत्रावर पद्धत उभारली, तेच सूत्र सांगत होतं की काही लावू नकोस. भावापेक्षा ज्याचा अंदाज खरोखर सरस आहे, त्यालाच ते सूत्र कामाचं. आणि असा कुणी निघालाच, तर पेढ्या त्याची मर्यादा कमी करतात किंवा खातंच बंद करतात. हरणाऱ्याला मात्र कुणी घालवून देत नाही.

चारशेव्या पैजेनंतर वहीतलं अक्षर बदललं होतं. हजार हरले, दोन हजार लावले. मग चार, आठ, सोळा. ओळीनं पाच वेळा हरला, एकतीस हजार गेले. चारशे खेळींत अशी पाचांची रांग पाच-सात वेळा येणं अगदी स्वाभाविक आहे, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. पुढच्या पानांवर मित्रांकडून घेतलेले चाळीस हजार होते. त्यापुढे रकानेच नव्हते.

"सर, पद्धत चुकीची नव्हती. मीच ढळलो," तो म्हणाला.

मग मला बोलावंच लागलं. पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत मी नवा शिक्षक होतो. १८ जुलै १९९४ ची पहाट, दूरदर्शनवर ब्राझील आणि इटलीची विश्वचषकाची फायनल. मी ब्राझीलवर सहाशे रुपये लावले होते. एकशेवीस मिनिटांत गोल नाही. पेनल्ट्या सुरू झाल्या, बाजोनं चेंडू आडव्या दांड्यावरून मारला आणि आम्ही नाचलो. सकाळी पैसे मागायला गेलो तर पैज घेणारा शांतपणे म्हणाला, "मास्तर, पैज नव्वद मिनिटांची असते. नव्वद मिनिटांत बरोबरी." ब्राझील जगज्जेता झाला होता आणि मी हरलो होतो. रडीचा डाव वाटला, पण या धंद्याचा नियम खरोखरच तसा आहे.

आणि ते सहाशे माझे नव्हतेच. मुलांच्या वह्या विकून शाळेचे जमलेले होते.

त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी आठवड्यानं हिशेब मागितला. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी खिशातून सहाशे काढले, माझ्यासमोर पेटीत ठेवले आणि म्हणाले, "महिन्याला शंभर मला द्यायचे. राग माझ्यावर काढ, पोरांच्या पैशांवर नको." सहा महिने मी देत राहिलो. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. ते आज नाहीत. मीही आजवर कुणाला, अगदी घरीही, सांगितली नव्हती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अर्ज फाडला. दुसरा चाळीस हजारांचा भरला, मित्रांचे फेडण्यापुरता, आणि त्यावर सही केली. आयडी त्यानं माझ्यासमोर बंद केला, पण तसे दुसरे मिळतात हे दोघांनाही ठाऊक होतं. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जामिनाबद्दल की सहाशेंबद्दल, हे मी विचारलं नाही.

उठताना त्यानं विचारलं, "सर, तुमी परत केन्नाच खेळूंक ना?"

"१९९८ च्या फायनलला भाव विचारून आलो होतो," मी म्हटलं. "लावले नाहीत. पण विचारून आलो होतो."

तो हसला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. वही मात्र नेली नाही. ती माझ्या कपाटात आहे. आतापर्यंत एक हप्ता वेळेवर गेला आहे. दुसऱ्याची तारीख दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येते.